नवलगढच्या रंगीत भिंती

नवलगढ हे राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यातले, वाळवंटाच्या कडेला वसलेले व्यापारी गाव आहे. झुंझुनू, सीकर आणि चुरूचा काही भाग मिळून होणाऱ्या मुलखाला शेखावाटी म्हणतात. पंधराव्या शतकातल्या राव शेखा या कछवाहा सरदाराच्या नावावरून ते नाव पडले. त्याच्या वंशातल्या शार्दूलसिंहाने १७३० मध्ये कायमखानी नवाबांकडून झुंझुनू घेतले आणि त्याचा मुलगा नवलसिंह याने १७३७ मध्ये नवलगढ वसवले. किल्ला आणि वेशी सरदारांनी बांधल्या, पण आज गावाची ओळख आहे ती व्यापाऱ्यांनी रंगवून घेतलेल्या भिंतींमुळे. नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ, डूंडलोद अशा गावागावांतून हवेल्या, मंदिरे, छत्र्या आणि विहिरीसुद्धा चित्रांनी भरलेल्या आहेत. यांतल्या बहुतेक चित्रांना दालन नाही, तिकीट नाही, सांगणारा माणूस नाही. ती रस्त्यावर आहेत, त्यामुळे नवलगढ पाहणे म्हणजे गल्ल्यांतून आपल्या पायांनी हिंडणे.

जयपूरकडून येताना टेकड्या मागे पडत जातात आणि वाळूमिश्रित सपाट शेते सुरू होतात. पावसाळ्यात या शेतांत बाजरी, मूग, मटकी आणि गवार असते. हिवाळ्यात कूपनलिकेचे पाणी असेल तिथे मोहरी आणि गहू. शेताच्या मधोमध खेजडीची झाडे राखलेली दिसतात. महाराष्ट्रातला शेतकरी सावली पडते म्हणून बांधावरचे झाडही कमी करतो; इथे खेजडी मधोमध ठेवून तिच्या फांद्या तेवढ्या छाटतात, कारण पाला जनावरांच्या आणि शेंगा माणसांच्या पोटात जातात. जुन्या विहिरींचे मात्र आश्चर्य वाटते. देशावरची विहीर जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शेखावाटीतल्या विहिरीच्या चार कोपऱ्यांवर चार उंच मिनार असतात. वाळूत वाट चुकलेल्या काफिल्याला पाणी कुठे आहे ते लांबून कळावे, हा त्यांचा उपयोग. विहीर बांधणाऱ्या शेठचे नावही त्या मिनारांबरोबर दूरवर दिसे, हा दुसरा उपयोग. पाणी असो, देऊळ असो की घर, ते लांबून दिसले पाहिजे, ही या मुलखाची जुनी रीत आहे.

गावाभोवती पूर्वी तट होता आणि त्याला वेशी होत्या. त्यांपैकी नानसा दरवाजातून शिरले की बाजाराची वाट लागते. इथल्या माणसांचे पहिले शब्द मराठी कानाला ओळखीचे वाटतात. समोरून येणारा म्हातारा, दुकानाच्या पायरीवर बसलेला वाणी, उंटगाडी हाकणारा जाट, सगळे ‘राम राम सा’ म्हणतात. मराठवाड्यात किंवा साताऱ्याकडे रामराम होतो तो बहुधा ओळखीच्या माणसाशी आणि चालता चालता. इथे तो अनोळखी माणसालाही होतो, आणि त्यामागे असलेल्या ‘सा’मुळे त्यात एक अदब येते. नंतरचा प्रश्न ठरलेला असतो, पाहुणा कुठला? मुंबईचे नाव काढले की चेहरे खुलतात, कारण कुणाचा काका काळबादेवीला, कुणाचा जावई भाईंदरला, कुणाचा शेठ वाळकेश्वरला असतो. सैन्याचा विषय निघाला तर गप्पा आणखी लांबतात. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी जवान देणारी गावे झुंझुनू जिल्ह्यातही आहेत. व्यापारी आणि शिपाई असे परमुलखी जाणारे दोन प्रकारचे लोक या मातीने घडवले. पहिल्यांनी पैसा पाठवला, दुसऱ्यांनी निवृत्तीवेतन आणले.

नानसा दरवाजाजवळच गंगामाईचे मंदिर आहे. गंगा इथून शेकडो मैल दूर, तरी मंदिर तिचे. कोरड्या मुलखात नदीचा देव्हारा होणे समजण्यासारखे आहे. गाभाऱ्याभोवती आरशांच्या तुकड्यांचे बारीक काम केलेले असून समईच्या ज्योती त्यात अनेकपट होऊन दिसतात. मंदिर बांधणारे व्यापारीच होते. शेखावाटीतला धनिक सहसा पाच वास्तू बांधून आपले नाव राखत असे: हवेली, मंदिर, विहीर, धर्मशाळा किंवा पाठशाळा आणि वाडवडिलांची छत्री. रंगाऱ्याला या पाचही ठिकाणी काम असे.

बाजारात जुने आणि नवे एकमेकांना खेटून उभे आहे. लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर शेगडीवर लाख मऊ करतो, लाकडी दांड्यावर ती वळतो, गरम असतानाच तिच्यात काचेचे खडे बसवतो आणि गिऱ्हाईक बाईच्या मनगटाच्या मापाला बांगडी जुळवून देतो. महाराष्ट्रात चुडा म्हणजे हिरव्या काचेचा. इथल्या सवाष्णीचा लाखेचा, लाल. पुढे बांधणीची दुकाने आहेत. कापडाला हजारो बारीक गाठी घालण्याचे काम बायका घरी बसून करतात आणि रंगारी नंतर फिक्याकडून गडद रंगाकडे एकेक बुडी देत जातो. गाठ सुटल्यावर उरतो तो ठिपका. विकणारे काही वेळा गाठी न सोडताच ओढणी दाखवतात. हाताने बांधलेली असल्याचा तोच पुरावा. शेजारी मिरचीवडे तळले जात असतात, चहाच्या टपरीवर चिडाव्याच्या पेढ्यांचे गुणगान चाललेले असते, आणि या सगळ्याच्या वर, विजेच्या तारांच्या जाळ्यामागे, दुसऱ्या मजल्यावर हत्ती, घोडे आणि गोपिका फिकट निळ्या रंगात उभ्या असतात. खालच्या माणसांचे त्यांच्याकडे लक्ष नसते. आठशे रुपयांच्या ओढणीवर घासाघीस चालू असते ती दीडशे वर्षांच्या चित्राखाली.

एवढा पैसा या वाळूत आला कसा, याचे उत्तर व्यापाराच्या वाटा बदलण्यात आहे. अठराव्या शतकात गुजरातच्या बंदरांकडून दिल्लीकडे आणि वायव्येच्या देशांकडे जाणारे काफिले या भागातून जात. शेजारच्या संस्थानांपेक्षा इथली जकात हलकी असल्याने बनिये शेखावाटीत येऊन राहिले. इंग्रजांचा अंमल वाढला तसे कलकत्ता आणि मुंबई ही बंदरे वर आली, आगगाडी आली आणि उंटांच्या वाटा ओस पडल्या. व्यापारी वाट बघत बसले नाहीत. एकोणिसाव्या शतकात घरटी एकदोन पुरुष कलकत्त्याला, मुंबईला, मध्य प्रांतात, वऱ्हाडात गेले. कापूस, अफू, ताग, सराफी आणि सट्टा यांत पैसा झाला. घर मात्र गावीच राहिले. लग्ने गावी, बाळंतपणे गावी आणि कमाईचा देखावाही गावीच. साधारण १८३० ते १९३० ही शंभर वर्षे शेखावाटीच्या भिंती रंगत गेल्या. वाळवंटातल्या या कलेला पैसा पुरवला तो कापसाच्या आणि तागाच्या गोदामांनी.

या स्थलांतराच्या खुणा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तालुक्याच्या पेठेतले कापडाचे किंवा भांड्यांचे ‘मारवाड्याचे दुकान’ त्याच वाटेने आले. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. दत्तक म्हणून ते वर्ध्याला आले आणि त्यांच्यामुळे गांधीजी वर्ध्याला स्थायिक झाले. मुंबईच्या कापूस बाजारात दबदबा असलेले गोविंदराम सेकसरिया नवलगढचे. पिलानीचे बिर्ला आणि बगडचे पिरामल याच परिसरातले. माटुंग्याला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन महाविद्यालयांची नावेही शेखावाटीतून आलेली आहेत: रुईया घराणे रामगढचे आणि पोदार घराणे नवलगढचे.

गावाच्या मध्यावर नवलसिंहाचा बाला किला आहे. किल्ला म्हणून त्याचे आता फारसे काही उरलेले नाही. तटाच्या आत भाजीबाजार भरतो, बँकेची कचेरी आहे, जुन्या भिंतींना नव्या बांधकामांनी वेढले आहे. कोथिंबीर आणि बटाट्यांच्या राशींमधून वाट काढत वर गेले की एका कोपऱ्यात घुमटाची एक लहान खोली लागते. तिच्या छतावर आरसेकाम आहे आणि गोलाकार रंगवलेली दोन नगरे आहेत, एक जयपूर आणि दुसरे नवलगढ. रस्ते, दुकाने, वाडे, मिरवणुका, माणसे हे सगळे वरून पाहिल्यासारखे काढले आहे. राजधानीच्या तोडीला आपले गाव त्याच घुमटात बसवण्यात ठाकुरांचा अभिमान दिसतो. खाली भाजीचा लिलाव आणि वर छतात रंगवलेला बाजार अशी ही जागा आहे. महाराष्ट्रातल्या गढ्यांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी बाभळी आल्या; इथल्या गढीला बाजाराने गिळले, पण त्यामुळेच तिथे रोज माणसे येतात.

किल्ल्याभोवतीच्या गल्ल्यांत हवेल्या सुरू होतात. हवेलीची मांडणी एकदा कळली की पुढचे चालणे सोपे होते. रस्त्यालगत उंच ओटा, त्यावर चढणारा उतार, पितळी खिळ्यांचा मोठा दरवाजा आणि त्या दरवाजातच एक लहान दिंडी. आत पहिला चौक पुरुषांचा. त्याच्या बाजूला बैठक. तिथे पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून शेठ आणि मुनीम हिशेब करत आणि वर दोरीने ओढायचा कापडी पंखा हलत असे. पहिल्या चौकातून थेट आत दिसू नये म्हणून वाट वाकडी करून दुसऱ्या चौकात जाते. तो बायकांचा. भोवती स्वयंपाकघर, पाण्याची जागा, कोठ्या आणि वर निजण्याच्या खोल्या. जनावरांसाठी आणि चाऱ्यासाठी बाजूला नोहरा.

चौसोपी वाडा पाहिलेल्या मराठी माणसाला हे सारे परिचित वाटते. ओसरी, सोपा, माजघर यांची जागा इथे दुसऱ्या नावांनी आहे एवढेच. खरा फरक रस्त्याकडच्या भिंतीत आहे. पेशवाईतला वाडा बाहेरून गप्प असतो. खाली काळा दगड, वर विटा, मोजक्या खिडक्या. कोरीव खांब, हंड्या आणि असलीच तर चित्रे सगळी आत. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत, पण ती पाहायला आत जावे लागते. शेखावाटीतल्या शेठने तीच गोष्ट रस्त्यावर मांडली. या फरकाला कारण आहे. वाडा सत्तेच्या माणसाचा होता. त्याचे वजन गावाला ठाऊक होते. शेठ मात्र वर्षानुवर्षे परगावी. तो तिथे काय कमावतो हे गावाने पाहिलेले नव्हते. भिंत त्याच्या वतीने बोलत असे. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा दरवाजातून आत जाण्याआधीच घराची ऐपत वाचून घेई.

ही चित्रे काढणाऱ्यांना चेजारा म्हणतात. बहुतेक जण कुंभार समाजातले. बांधकाम आणि चित्रकाम दोन्ही त्यांचेच. चुन्याच्या गिलाव्याचे थर भिंतीवर चढवून शेवटचा थर अगदी बारीक चाळलेल्या चुन्याचा देत. तो ओला असतानाच रंग लावायचा, म्हणजे चुना वाळताना रंगाला धरून ठेवतो. या पद्धतीला आलागीला म्हणतात. ओल्या गिलाव्यावर हात थांबवता येत नाही आणि चूक खोडता येत नाही, त्यामुळे एका दिवसात पुरे होईल एवढाच भाग घ्यायचा. नंतर तो भाग गुळगुळीत दगडाने घोटून वर खोबरेल फिरवत. अशी भिंत ऊन, वारा आणि वाळूची वादळे सोसून शतकभर टिकते. आतल्या खोल्यांत कोरड्या भिंतीवर डिंकात कालवलेले रंग लावले जात. त्यांत बारकावा जास्त, पण ओल लागली की पोपडे आधी त्यांचेच निघतात.

रंगांवरून काळ ओळखता येतो. जुन्या भिंतींवर काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, गेरूचा लाल, निळीचा निळा, पेवरीचा पिवळा आणि हिरव्या दगडाचा हिरवा एवढेच रंग आहेत. लालसर तपकिरी आणि निळ्याचा त्यांच्यावर वरचष्मा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले, विशेषतः जर्मनीतले, कारखान्यातले रंग बंदरांतून इथवर आले. त्यानंतरचा निळा झगझगीत होतो, लाल भडक होतो. ज्या आगगाडीने शेठला मुंबईला नेले, तिनेच चेजाऱ्याकडे रंगाचे डबे आणले आणि त्याच आगगाडीचे चित्र त्याने त्या रंगांत काढले.

भगतांच्या छोट्या हवेलीच्या भिंतीवर ही आगगाडी आणि तिच्याजवळ आगबोट आहे. त्यांच्या वर गोपिकांची शरीरे एकमेकांत गुंफून केलेला हत्ती आहे. नारीकुंजर ही रचना जुन्या चित्रपरंपरेतली. तिच्या खाली इंजिनाचा धूर. चेजाऱ्याला यात विसंगती वाटली नाही. आत एका खोलीत खांद्यावर लहान कुत्रे घेतलेला साहेब आणि शेजारी मडम आहे. अनेक हवेल्यांवरच्या गाड्यांचे डबे एकमेकांना जोडलेल्या घरांसारखे दिसतात आणि खिडक्याखिडक्यांतून प्रवासी एकाच बाजूला तोंड करून बसलेले असतात, कारण कित्येक रंगाऱ्यांनी गाडी पाहिलेली नव्हती. शेठने सांगितलेल्या वर्णनावरून, छापील चित्रावरून किंवा आगपेटीच्या लेबलावरून ती उतरवली जाई. शेजारच्या मंडाव्याला नेवटियांच्या हवेलीवर विमान आहे, मोटार आहे आणि टेलिफोनवर बोलणारा मुलगाही आहे. विसावे शतक या भिंतींवर आले ते ऐकीव बातमी म्हणून.

देवांच्या चित्रांतही हा बदल दिसतो. जुन्या भिंतींवरचा कृष्ण राजस्थानी लघुचित्रांतला, बाजूने दिसणारा, मोठ्या डोळ्याचा. १९०० नंतरच्या भिंतींवर देवी समोरून पाहू लागतात, त्यांच्या साडीच्या निऱ्यांना छाया येते, पाठीमागे सरोवर आणि कमळे येतात. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापांची लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्रातल्या देव्हाऱ्यांत चौकटीत बसली, तशा छापांवरून शेखावाटीच्या भिंतींवर हातभर मोठी होऊन उतरली.

आठ हवेली नावाचा समूह पुढे लागतो. एकाच घराण्याच्या हवेल्या एका ओळीत उभ्या आहेत आणि दर्शनी भिंतीवर हत्ती, घोडे, उंट, रथ, गाड्या यांची गर्दी आहे. जाणकार इथल्या रेषेला कच्ची म्हणतात, आणि ते खरे आहे. काम घाईचे वाटते. तरीही माणसांनी प्रवास कसा केला याचा सगळा क्रम एका भिंतीवर सापडतो. काही दरवाजांना कुलूप आहे. काहींत चौकीदाराचे कुटुंब राहते; चौकात खाट, दोरीवर कपडे, कोपऱ्यात शेळी. दिंडीतून डोकावणाऱ्याला तो आत बोलावतो, बैठक उघडून दाखवतो आणि जाताना थोड्या पैशांची अपेक्षा ठेवतो. मालकाविषयी विचारले तर उत्तर एकच, मुंबईला किंवा कलकत्त्याला. मुलाच्या जावळाला किंवा कुलदेवतेच्या दर्शनाला एखादे वर्षी येतात, एक दिवस राहतात आणि हॉटेलात उतरतात.

कोकणातून आलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. रत्नागिरीचा चाकरमानी मुंबईच्या गिरणीत राबला, मनीऑर्डरी पाठवल्या, घरावर कौले घातली आणि गणपती-शिमग्याला गावी गेला. पुढची पिढी डोंबिवली-विरारला स्थिरावली आणि गावचे दार वर्षातले अकरा महिने बंद राहू लागले. नवलगढचा शेठ त्याच मुंबईत त्याच कापसाच्या दुसऱ्या टोकाला होता. एकाच्या पैशातून कौलारू घर उभे राहिले, दुसऱ्याच्या पैशातून चारचौकी हवेली. दोन्हीकडे मागे राहिलेल्या बायकांनी घर सांभाळले, पत्रांची वाट पाहिली आणि विरहाची गाणी म्हटली. हवेलीच्या आतल्या चौकात काढलेली, लोककथेतल्या ढोला-मारूची चित्रे या बायकांच्या नजरेसमोर रोज असत. उंटावर बसून पळून जाणारे ते जोडपे एकत्र प्रवास करते, ही त्या चौकातल्या बायकांना कधी न मिळालेली गोष्ट होती.

आठ हवेलीच्या समोर मोरारकांची हवेली आहे. ती १९०० मध्ये बांधली. मोरारका प्रतिष्ठानने तिची निगा घेतली ती एका कडक नियमाने: धूळ आणि काजळी काढायची, सुटलेला गिलावा पक्का करायचा, पण गेलेल्या रंगावर नवा रंग चढवायचा नाही. त्यामुळे इथे भिंत जशी आहे तशी दिसते. कुठे कृष्णाचा अर्धा चेहरा, कुठे हत्तीचे नुसते पाय, कुठे खरवडलेला चुना. चौकात उभे राहून वर, वळचणीखाली नजर टाकली तर एका कोपऱ्यात येशू ख्रिस्तही सापडतो. वैष्णव शेठच्या घरात त्याला जागा मिळाली ती बहुधा छापील चित्रांच्या गठ्ठ्यातून. पाहणाऱ्याला इथे शोधावे लागते, आणि शोधताना डोळा तयार होतो.

दुपारच्या जेवणात बाजरी असते. भाकरी आपल्यापेक्षा जाड, तुपाने चिंब आणि सोबत गुळाचा खडा. कढी आंबट, लसणाची चटणी ओली आणि लालभडक, आणि केर-सांगरीची भाजी. केर हे काटेरी झुडपाचे फळ, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. दोन्ही वाळवून वर्षभर ठेवतात. हिरवी भाजी दुर्मीळ असलेल्या प्रदेशात वाळवण हाच स्वयंपाकाचा कणा आहे. बाजरीच्या पिठाची ताकात शिजवलेली राबडी सोलापूर-नगरकडच्या आंबिलीची सख्खी बहीण आहे. वाढण्याच्या आग्रहाला इथे मनवार म्हणतात. मराठी आग्रह पंगतीत वाढपी करतो आणि ‘पुरे’ हा शब्द तिसऱ्या वेळी तरी मानतो. मनवारीत यजमान स्वतः हातातला घास पुढे करतो आणि पाहुण्याच्या नकाराला मानच देत नाही. ताटात काही उरले की यजमान समाधानी. महाराष्ट्रात ताट स्वच्छ केले की यजमान समाधानी.

गावाच्या पूर्वेकडच्या भागात पोदार हवेली आहे. आनंदीलाल पोदार यांनी १९०२ मध्ये ती बांधली. पुढे बरीच वर्षे तिच्यात शाळा भरली आणि आता तिचे संग्रहालय झाले आहे. मोरारकांकडून इथे आल्यावर डोळे दिपतात. साडेसातशेच्या आसपास चित्रे आहेत, आणि ती नव्याने रंगवून इतकी ताजी केली आहेत की रंगारी कालच परातीतला चुना धुऊन गेला असे वाटावे. लांबलचक आगगाडी, रासलीला, गणगौरीची मिरवणूक, साहेबांच्या मोटारी, सगळे ठळक. आतल्या खोल्यांत पगड्यांचे प्रकार, लग्नाचे पोशाख, वाद्ये, किल्ल्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. शाळेच्या सहली येतात, मुले बोटे दाखवून हसतात, शिक्षक नावे सांगतात.

दोन हवेल्यांच्या या दोन रीतींवर जाणकारांत मतभेद आहेत. नवा रंग चढवला की जुन्या चेजाऱ्याचा हात पुसला जातो. त्याची रेष जाते, त्याच्या निळीचा निळा जातो. हा आक्षेप बिनतोड आहे. पण गावातल्या शाळकरी मुलाला आपल्या भिंतींची गोडी लागते ती पोदारांच्या चौकात, मोरारकांच्या नव्हे, हेही तितकेच खरे. अभ्यासकाला एक हवी, गावाला दुसरी. पाहुण्याने दोन्ही पाहाव्यात. आधी मोरारका, मग पोदार. उलट क्रमाने गेले तर मोरारकांकडचे फिके रंग केवळ जुनाट वाटतात आणि त्यांतले कसब निसटून जाते.

या दोन टोकांमध्ये उरलेल्या शेकडो भिंती आहेत आणि त्यांचे काय होते ते चालताना दिसतेच. जमिनीतली ओल चढून खालचा हातभर गिलावा गळतो. डागडुजीला चुन्याऐवजी सिमेंट वापरले की ओल आत कोंडते आणि शेजारचे चित्र सुटते. दर्शनी भागाचे गाळे पाडून शटर बसतात. कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जातात. वारसदार वाढलेले, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी खोली. विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि दुरुस्तीला कुणाचाच पैसा नसतो. चेजाऱ्यांची मुलेही आता जयपूर-मुंबईच्या इमारतींवर गवंडीकाम करतात. ओल्या चुन्यावर रंग लावणारे हात थोडे उरले आहेत. अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांचे १९८२ चे पुस्तक आणि त्यानंतर इले कूपर यांनी गावोगाव फिरून केलेल्या नोंदी यांमुळे ही चित्रे जगाला ठाऊक झाली. त्या नोंदींतल्या काही भिंती आज फक्त छायाचित्रात आहेत.

टिकलेल्या वास्तू पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. पोदार हवेलीत शाळा होती म्हणून ती टिकून राहिली. मोरारका हवेलीला प्रतिष्ठानचा पैसा आणि माणसे मिळाली. काही हवेल्यांची हॉटेले झाली, काहींत भाडेकरू आहेत; धूर आणि खिळे यांनी त्या विद्रूप झाल्या, पण छप्पर शाबूत आहे. कुलूपबंद हवेल्या मात्र आतून कोसळत आहेत, मग त्यांवरचे काम कितीही उत्तम असो. बाहेरच्या पैशावर बांधलेले घर बाहेरून पाठवलेल्या पैशावर फार काळ टिकत नाही. त्यात रोज कुणीतरी दिवा लावावा लागतो.

म्हणून नवलगढला जाणाऱ्याने नावाजलेल्या दोन हवेल्या पाहून परत फिरू नये. कुलूप नसलेल्या दिंडीवर थाप द्यावी, चौकीदाराला रामराम करावा, आत जाऊन बघावे आणि त्याला चार पैसे द्यावेत. चित्राला हात लावू नये, जुना दरवाजा किंवा तोडा कुणी विकायला काढला तर घेऊ नये. आणि ज्यांची स्वतःची घरे कोकणात, देशावर किंवा विदर्भात बंद पडलेली आहेत, त्यांनी ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा उघडावीत.